असन्निधानी काय करावे? : म्हाइंभटांच्या कार्याचा विचार

मनुष्यदेह लाभला, अधिकारी पुरुषाकडून उपदेश झाला, नित्य नामस्मरणही घडते. तथापि सूर्योदयापासून निजेपर्यंत जे जे काही केले त्याचा अखेर अर्थ काय, असा प्रश्न अनेक साधकांच्या आणि वासनिकांच्या मनात वारंवार उद्भवतो. शेतकऱ्याला तो हातातोंडाशी आलेले पीक गेले म्हणजे पडतो. नोकरदाराला तो सेवानिवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पडतो. गृहिणीला मुले आपापल्या वाटेने गेली म्हणजे पडतो. आणि संन्यस्त भिक्षुकाला तो पडतच नाही, असे समजणे भाबडेपणाचे होईल. ज्यांच्या आज्ञेने उठावे, ज्यांच्या आज्ञेने अटनास निघावे, ते वृद्ध महंत देहावसान पावले की आश्रमाच्या ओट्यावर बसलेल्या तरुण शिष्याच्या मनातही हेच येते की, आता कोणासाठी काय करावे?

या प्रश्नाचे उत्तर देताना बहुधा तत्त्वाकडे बोट दाखविले जाते. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य. त्यांपैकी जीव हा बद्धमुक्त. त्याच्या उद्धरणासाठीच परमेश्वर अवतार स्वीकारतात. म्हणून परमेश्वरप्राप्ती हेच जीविताचे प्रयोजन, असे सांगून निरूपण संपते. हे उत्तर यथार्थ आहे, त्यात शंका नाही. परंतु विचारणाऱ्याचा प्रश्न किंचित निराळा असतो. अंतिम प्रयोजन कोणते हे त्याला ऐकून ठाऊक असते. त्या प्रयोजनाचा आणि उद्या सकाळी हाती घ्यावयाच्या कामाचा संबंध कसा जोडावा, हे त्याला कळत नसते. या दुव्याविषयी पंथाच्या आरंभीच्या इतिहासात एक प्रत्यक्ष उदाहरण आहे. ते सर्वांना परिचित असल्यामुळेच कदाचित त्याचा या अंगाने विचार क्वचित होतो. ते उदाहरण म्हणजे म्हाइंभटांचे.

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामी परिभ्रमण करीत असताना त्यांच्या सन्निधानात जे भक्त होते, त्यांना आपल्या कामाचा अर्थ शोधावा लागत नव्हता. बाइसांनी स्वयंपाक केला, आसन घातले, तर त्या प्रत्येक कृतीचा स्वीकार करणारे श्रीमूर्ती समोर विराजमान होते. महदाइसांनी प्रश्न विचारला तर उत्तर मिळत होते. आणि त्यांच्या जिज्ञासेचे सर्वज्ञांनी स्वमुखे कौतुकही केले होते. पाणी आणणे, झाडणे, गावात जाऊन भिक्षा आणणे, निरोप पोचविणे ही सामान्य कामे. पण सन्निधानात ती दास्य होत असत. पुढे इ.स. १२७४ च्या सुमारास स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. त्या दिवशी भक्तांचे दैवत गेले, एवढेच सांगितले जाते. वस्तुतः त्यांचे कामही गेले. हात तेच राहिले, परंतु त्या हातांनी ज्यांच्यासाठी करावयाचे ते दृष्टीआड झाले. पंथीय परिभाषेत या अवस्थेला असन्निधान म्हणतात. आज प्रत्येक अनुयायी ज्या अवस्थेत जन्मतो, तीच ही अवस्था. फरक इतकाच की, त्या पहिल्या पिढीने दोन्ही अवस्था पाहिल्या होत्या आणि म्हणून दुसरीचे रितेपण तिला अधिक झोंबले.

श्रीनागदेवाचार्य म्हणजे भटोबास आणि त्यांच्यासवे इतर भक्तजन रिद्धपूरला श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत आले. सेवेचा विषय पुनः लाभला. तरी सर्वज्ञांच्या वियोगाचे दुःख ओसरले नव्हते. रिद्धपूरच्या वाजेश्वरीत भटोबास एकांतात बसत आणि सर्वज्ञांच्या लीळांचे मनन करीत. तेथेच त्यांची आणि म्हाइंभटांची ती सुप्रसिद्ध भेट झाली. म्हाइंभटांनी त्यांना, आपण येथे बसून काय करता, अशा अर्थाचे पुसले. भटोबासांनी सांगितले की, आपण सर्वज्ञांच्या लीळा आठवीत आहोत. त्यावर म्हाइंभटांनी विनंती केली की, त्या लीळा आपणास सांगाव्यात. त्या लिहून ठेवता येतील. लीळाचरित्राचा उगम तो इतकाच.

या प्रसंगातील एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. म्हाइंभट आपल्या जीविताचे प्रयोजन शोधीत वाजेश्वरीत गेले नव्हते. ते स्वतःविषयी काहीच विचारीत नव्हते. दुसरा मनुष्य काय करीत आहे, हे त्यांनी पाहिले आणि त्याविषयी पृच्छा केली. ज्याला आपल्या जीविताचा अर्थ हवा आहे तो बहुतेक वेळा आपल्याच अंतःकरणात वाकून पाहतो, आणि तेथे अंधार दिसला म्हणजे निराश होतो. म्हाइंभटांना आपले कार्य सापडले ते दुसऱ्याच्या स्मरणात. शिवाय ते कार्य आचारधर्माबाहेरून आणलेले नव्हते. असन्निधानी साधकाने अटन करावे, विजनी राहावे, भिक्षेने निर्वाह करावा आणि नाम, मूर्ती, लीळा, चेष्टा यांचे स्मरण करावे, हा विधी प्रसिद्ध आहे. भटोबास तोच विधी आचरीत होते. म्हाइंभटांच्या लेखनाचे बीज त्या विहित स्मरणातच होते. ते त्यांनी फक्त ओळखले. नवे, भव्य, आजवर कोणी न केलेले असे काही शोधण्यासाठी जो धावतो, त्याने येथे क्षणभर थांबावे. मराठीतील पहिला मोठा गद्यग्रंथ निर्माण झाला तो एका नित्याच्या आचरणाकडे कोणीतरी नीट पाहिले म्हणून.

आता हे म्हाइंभट कोण होते? अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील सराळे गावचे हे विद्वान ब्राह्मण. शास्त्राध्ययन झालेले, वादात निपुण आणि त्या नैपुण्याचा पुरेपूर अभिमान असलेले. डोमेग्रामला सर्वज्ञांच्या भेटीस ते आले ते वादाच्या हेतूने. तेथे त्यांचा गर्व परिहार झाला. त्यांच्या आयुष्याचा पहिला भाग हा कर्तृत्वाने भरलेला होता, ही बाब महत्त्वाची आहे. त्यांना काम नव्हते असे नाही, कीर्ती नव्हती असेही नाही. विद्या होती, सभा होत्या, जिंकलेले वाद होते. तरी त्या सर्व विद्येचा रोख एकाच दिशेला होता: आपण दुसऱ्याहून अधिक जाणतो हे सिद्ध करणे. अशा कामाला शेवट नसतो, कारण हरविण्यासाठी दुसरा कोणीतरी नेहमी शिल्लक राहतो.

आणि गंमत अशी की, त्यांची विद्या वाया गेली नाही. तिचा रोख मात्र बदलला. वादी मनुष्याला एक सवय असते. समोरच्याचे विधान तो सहजासहजी मान्य करीत नाही. प्रमाण काय, हे कोणी पाहिले, पूर्वापर संगती जुळते काय, असे तो विचारतो. डोमेग्रामला जी सवय अहंकाराची दासी होती, तीच रिद्धपूरला सत्याची दासी झाली. लीळा सांगणारा पुष्कळ सांगेल. पण तो त्या ठिकाणी होता काय? ज्याच्या संबंधात लीळा घडली त्याचे म्हणणे काय? कोणत्या गावी, कोणत्या देवळात, कोणत्या दिशेला तोंड करून स्वामी बसले होते? म्हाइंभटांनी ज्यांना ज्यांना लीळा ठाऊक होत्या त्यांच्याकडून त्या मिळविल्या आणि भटोबासांकडून त्यांची निश्चिती करून घेतली. लीळाचरित्राचे एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे तीन भाग आहेत. त्यांतील एकांकाचा काळ हा स्वामींच्या एकाकी भ्रमणाचा. तेव्हा कोणी भक्त सोबत नव्हता. म्हणून त्या काळाविषयी पुढे स्वामींनीच भक्तांना प्रसंगोपात्त जे सांगितले, तेवढ्यावरच विसंबावे लागले. साक्षीदार नाही तेथे कल्पनेने भर घालण्याचा मोह कोणत्याही चरित्रकाराला होतो. तो मोह येथे आवरलेला दिसतो. पुष्कळ एकांक लीळा अगदी आखूड आहेत. माहीत तेवढेच लिहिणे हीसुद्धा तपश्चर्याच होय, आणि ती भिक्षान्नाच्या तपश्चर्येपेक्षा सोपी आहे असे म्हणवत नाही.

ग्रंथात लेखक कोठे आहे? जवळजवळ कोठेच नाही. अलंकार नाहीत, उपोद्घात नाही, मी लिहितो असा उच्चार नाही. माणसे येतात, बोलतात, जेवतात, रुसतात, प्रश्न विचारतात. स्वामी उत्तर देतात आणि लीळा संपते. परंतु म्हाइंभट एके ठिकाणी मात्र आहेत. ते म्हणजे त्यांच्या स्वतःच्या गर्वपरिहाराच्या प्रसंगी. संपूर्ण ग्रंथाची लेखणी ज्यांच्या हाती होती, त्यांनी आपली फजिती वगळली नाही. किंचित सौम्य केली असती तरी कोणाला कळले नसते. ज्याचे काम स्वतःच्या नावासाठी चालते त्याला हे करणे शक्य नाही. कामाचा हेतू शुद्ध आहे की नाही याची याहून कडक कसोटी शोधून सापडणार नाही, आणि ही कसोटी म्हाइंभटांनी स्वतःलाच लावून घेतली आहे.

नेमका हाच विषय त्या पिढीतील आणखी तिघांच्या बाबतीत निराळ्या रीतीने दिसतो. नरेंद्रकवींची हकीकत सर्वश्रुत आहे. रुक्मिणीस्वयंवर ऐकून प्रसन्न झालेल्या रामदेवराव यादवांनी ग्रंथावर आपली मुद्रा घालावी म्हणून सुवर्ण देऊ केले आणि नरेंद्रांनी, कविकुळाला बोल लागेल म्हणून ते नाकारले. तेथे मोह बाहेरचा होता, म्हणून तो ओळखणे तितकेसे अवघड नव्हते. भास्करभट्ट बोरीकरांची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. त्यांनी शिशुपालवध रचला. काव्य उत्तम उतरले होते आणि ऐकणाऱ्या ज्येष्ठ गुरुबंधूंनी ते मान्यही केले. मात्र हे काव्य निवृत्ताच्या उपयोगाचे नसून शृंगारप्रिय प्रवृत्ताच्या उपयोगाचे झाले, असा अभिप्राय दिला. कौशल्यात न्यून नव्हते. कौशल्य कोणाच्या कामी येणार, एवढाच प्रश्न होता. भास्करभट्टांनी रुसून लेखणी टाकली नाही आणि अभिप्राय देणाऱ्याशी वादही घातला नाही. त्यांनी भागवताच्या एकादश स्कंधावर उद्धवगीता रचली. शिशुपालवध मात्र नष्ट केला गेला नाही. तोही आज वाचला जातो, आणि काव्य म्हणून रसिकांना तोच अधिक आवडतो, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

केशिराज व्यासांचा म्हणजे केसोबासांचा प्रसंग या सर्वांत अधिक बोधप्रद आहे. केसोबास संस्कृताचे उत्तम अधिकारी. रत्नमालास्तोत्र हे त्यांच्या संस्कृत रचनेचे उदाहरण उपलब्धच आहे. स्वाभाविकच ज्या भाषेत आपली शक्ती पूर्णत्वाने प्रकट होते त्या भाषेत लिहावे, असा त्यांचा कल होता. नागदेवाचार्यांनी त्यांना परावृत्त केले. कारण सांगितले ते असे की, संस्कृतात लिहिले तर स्वामींचा सामान्य परिवार, म्हणजे भोळ्याभाबड्या म्हाताऱ्या बाया, त्या ज्ञानास मुकतील. आता एखाद्या पंडिताला, तुला जे सर्वांत चांगले येते ते करू नको, असे सांगणे ही केवढी कठोर आज्ञा! आधुनिक काळात तर याच्या नेमके उलट सांगितले जाते: ज्याची आवड असेल, ज्यात गती असेल तेच करावे, त्यातच जीवनाची सार्थकता आहे. या सल्ल्यात तथ्य नाही असे नाही. परंतु तो अर्धाच आहे. आवड आणि गती या दोन गोष्टी मनुष्य काय करू शकतो एवढेच सांगतात. ते कोणाला हवे आहे, हे त्या सांगत नाहीत. ते सांगण्यासाठी म्हाताऱ्या बायांची आठवण असणारा आचार्य लागतो.

केसोबासांनी आज्ञा मानली. लीळाचरित्रातील वचने वेचून त्यांनी सूत्रपाठ सिद्ध केला. स्वामींनी दिलेल्या दृष्टांतांची मांडणी करून दृष्टांतपाठ सिद्ध केला. त्यात एकशे चौदा दृष्टांत आहेत. प्रत्येकात सूत्र आणि दृष्टांत ही सर्वज्ञांची, तर दार्ष्टांतिक मात्र केसोबासांचे. म्हणजे त्यांच्या वाट्याला आला तो फक्त शेवटचा तुकडा, उपमेयाशी सांधा जुळविण्याचा. तथापि तो सांधा नसता तर जन्मांध आणि हत्तीची गोष्ट पुष्कळांना केवळ गोष्ट म्हणूनच ठाऊक राहिली असती. दुसऱ्याच्या शब्दांना जागेवर बसवून देणे हे काम लहान दिसते. सुताराने चौकट भिंतीत घट्ट बसविली म्हणजे येणारा जाणारा दार पाहतो, चौकटीतील खुंटी कोणी पाहत नाही. पण दार टिकते ते त्या खुंटीवर.

येथे एक आक्षेप उपस्थित होऊ शकतो आणि तो टाळणे योग्य नाही. साधकाला संग्रह वर्ज्य आहे. एका ठिकाणी राहणे, वस्तू जमविणे, त्यांत मन गुंतविणे या सर्वांचा निषेध आहे. मग पोथ्या लिहिणे, जपणे, पाठभेद तपासीत बसणे ही प्रवृत्तीच नव्हे काय? विजनात बसून स्मरण करण्याऐवजी लोकांना शोधून प्रश्न विचारीत फिरणे हा विक्षेपच नव्हे काय? आक्षेप निराधार नाही. ग्रंथाचा अभिमान हा धनाच्या अभिमानाहून वाईट ठरू शकतो, कारण त्याला अभिमान म्हणून ओळखणेच कठीण. परंतु म्हाइंभटांच्या कार्यात लेखन हे स्मरणाला पर्याय म्हणून आलेले नाही. ते स्मरणच होते, फक्त अनेकांनी मिळून केलेले. एकाने आठवावे, दुसऱ्याने दुरुस्त करावे, तिसऱ्याने टिपावे. कामामुळे स्मरण वाढते की घटते, एवढेच साधकाने पाहावे. घटत असेल तर ते काम ग्रंथलेखनाचे असले तरी सोडावे. वाढत असेल तर ते खुरपणीचे असले तरी धरावे. हा निर्णय दुसरा कोणी देऊ शकत नाही आणि एकदा दिला म्हणजे कायमचा झाला, असेही होत नाही.

वासनिक बंधुभगिनी यावर म्हणतील की, म्हाइंभटांना एवढे मोठे कार्य लाभले, सामान्य प्रपंची माणसाचे काय? त्याला मळा आहे, दुकान आहे, कचेरी आहे. याचे उत्तर लीळाचरित्रापेक्षा श्रीगोविंदप्रभुचरित्रात अधिक स्पष्ट मिळते. इ.स. १२८८ च्या सुमारास गोविंदप्रभूंनी देहत्याग केला. पुनः असन्निधान, पुनः तेच रितेपण. म्हाइंभटांनी पुनः तेच काम हाती घेतले. परंतु या वेळी साक्षीदार निराळे होते. गोविंदप्रभू रिद्धपुरात कोठेही जात, कोणाच्याही घरात शिरत, मुलांबरोबर खेळत, ज्यांना गाव शिवत नसे त्यांच्या वस्तीत जात. सारा गाव त्यांना माय आणि बाप मानी. त्यामुळे त्यांच्या लीळा एखाद्या पंडिताच्या ओठांवर असणे शक्यच नव्हते. त्या गावात विखुरलेल्या होत्या: ज्याच्या दारात प्रभू आले त्याच्याजवळ, जिच्या चुलीवरचे त्यांनी खाल्ले तिच्याजवळ. ही माणसे पंथाचे आचार्य नव्हती. त्यांतील कित्येकांना आपण पाहिले त्याचे महत्त्वही कदाचित उमगले नसेल. त्यांनी आपापली कामे करता करता पाहिले, ते लक्षात ठेवले, आणि विचारणारा आला तेव्हा जसे घडले तसे सांगितले. चरित्राचा एकेक धागा त्यांचा आहे. त्यांनी खोटे सांगितले असते तर म्हाइंभटांची सारी चिकित्सा पांगळी झाली असती.

दृष्टांतपाठातही हेच आढळते. सर्वज्ञांनी परमार्थ समजाविण्यासाठी जी उदाहरणे घेतली ती गावगाड्यातील, घरातील, रस्त्यावरील माणसांची आहेत. ज्याच्या व्यवहारातून दृष्टांत उचलला गेला, त्या माणसाला आपल्या कामातून ब्रह्मविद्येचे एखादे प्रमेय उलगडले, याचा पत्ताही नसेल. यावरून प्रत्येक व्यवसाय आपोआप परमार्थ होतो असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. अलीकडे काही प्रवचनांतून काम हाच देव अशा थाटाची वाक्ये ऐकू येतात. ती ऐकावयास गोड असली तरी ब्रह्मविद्येशी जुळणारी नाहीत. कर्म हे प्रपंचातच राहते आणि देवता त्याचे जे फळ देतात ते क्षय पावणारे असते. नांगर नांगरच राहील. नांगरणारा कोणाचे स्मरण करीत नांगरतो, आपल्या शब्दाला किती जपतो, वजनकाट्यात लबाडी करतो की नाही, इतक्यापुरताच परमार्थ तेथे प्रवेश करतो.

आता या विषयातील सर्वांत दुःखद भाग. म्हाइंभटांनी इतक्या परिश्रमाने सिद्ध केलेली मूळ पोथी टिकली नाही. इ.स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खलजीची देवगिरीवर पहिली स्वारी झाली. पुढे स्वाऱ्या होतच राहिल्या आणि १३१८ पर्यंत यादवांची सत्ता संपुष्टात आली. या धामधुमीत मार्गाची पांगापांग झाली आणि मूळ लीळाचरित्र नाहीसे झाले, असे परंपरा सांगते. प्रयोजनाविषयी बोलणाऱ्याने या घटनेला सामोरे गेलेच पाहिजे. कामाचा अर्थ त्याच्या फळात असेल तर म्हाइंभटांच्या कामाचा अर्थ त्या दिवशी संपला. आयुष्यभराची साठवण एका पळापळीत गेली. ज्यांचे घर पुरात गेले, ज्यांच्या आयुष्यभराच्या उद्योगाला टाळे लागले, त्यांना या प्रसंगाची वेदना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

परंतु पोथी गेली तरी ती ज्यांनी पाठ केली होती ती माणसे उरली होती. त्यांत हिराइसांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांची स्मरणशक्ती असामान्य होती. त्यांच्या मुखातून उतरलेला तो हिराइसापाठ. परशरामबासांसारख्या इतरांनीही आपापल्या स्मरणातून लीळा पुनः मांडल्या. साहजिकच या पाठांत भेद पडले. पंथाने येथे जे केले ते विचार करण्यासारखे आहे. एक पाठ खरा ठरवून बाकीचे बुडविले नाहीत. एकाची वासना अशी, दुसऱ्याची वासना अशी, असे म्हणून भेदांसह लीळा उतरविण्यात आल्या. पाठभेदाला वासना हा शब्द योजण्यातही मार्मिकता आहे. ऐकलेले अंतःकरणात जसे ठसले तसे, एवढाच दावा त्यात आहे. आपलेच म्हणणे खरे असा आग्रह सोडूनही काम पूर्ण निष्ठेने करता येते, हे म्हाइंभटांनंतरच्या त्या पिढीने दाखविले. म्हाइंभटांच्या चिकित्सेचा वारसा तो हाच. पोथी हरवली आणि पद्धत उरली, असे म्हणता येईल.

पुढे रवळोबासांनी सकळ लिपी योजली आणि इतरही सांकेतिक लिप्या निर्माण झाल्या. त्यांमुळे ग्रंथ सुरक्षित राहिले; त्याचबरोबर ते महाराष्ट्रापासून कित्येक शतके दूरही राहिले. या धोरणाचे मूल्यमापन निरनिराळ्या प्रकारे होऊ शकते आणि झालेही आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी लिपीचा उलगडा केल्यावर अभ्यासकांचे लक्ष इकडे वळले. १९३० नंतरच्या दशकात ह. ना. नेने यांनी, नंतर शं. गो. तुळपुळे यांनी आणि १९७८ मध्ये वि. भि. कोलते यांनी लीळाचरित्राच्या आवृत्त्या सिद्ध केल्या. ज्या रिद्धपुरात म्हाइंभट लिहीत बसले तेथे २०२४ पासून मराठी भाषा विद्यापीठ उभे आहे. यांतील काहीही म्हाइंभटांच्या डोळ्यांसमोर असणे शक्य नव्हते. त्यांच्यासमोर एक आचार्य होते, त्यांचे स्मरण होते, आणि ते स्मरण त्या देहाबरोबर जाईल ही भीती होती.

राजवाडे येईपर्यंतच्या सहा शतकांत पोथ्या टिकल्या त्या उतरून घेणाऱ्यांमुळे. कागद जीर्ण होतो, शाई उडते, वाळवी लागते. म्हणून काही पिढ्यांनी प्रत पुनः करावीच लागते. ही प्रत करणारी माणसे बहुधा अनाम राहिली. पुष्पिकेत कधी एखादे नाव, कधी शके आणि गाव, पुष्कळदा तेही नाही. महानुभाव मार्ग पंजाबात गेला, पुढे पेशावर आणि काबूलपर्यंत पोचला. तेथे त्याला जयकृष्णी पंथ म्हणत. तेथील मठांतून ब्रह्मविद्येच्या मराठी पोथ्या वाचल्या जात आणि जपल्या जात. १९४७ च्या फाळणीनंतर तिकडची अनेक कुटुंबे आणि साधू सरहद्दीच्या अलीकडे आले. ज्यांची मातृभाषा मराठी नव्हती अशा साधकांनी तेराव्या शतकातील मराठीची एकेक ओळ अक्षर न चुकविता पुढच्या हाती दिली. डोमेग्राम, प्रतिष्ठान, बेलापूर, रिद्धपूर ही नावे त्यांनी लिहिली. ती गावे त्यांच्यापैकी कित्येकांनी जन्मात पाहिली नव्हती. हिवाळ्यात बोटे गारठली म्हणजे शेगडीवर शेकून घ्यावीत आणि उतरून होईल तेवढे पान सांजवेळेपर्यंत पुरे करावे, असा त्यांचा दिवस गेला असेल.